फटाक्यांमुळे होणारी डोळ्यांची इजा : निदान आणि उपचारांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेत्ररुग्णालयांच्या तातडीच्या कक्षांत दिवाळीचे चार-पाच दिवस सर्वाधिक वर्दळ असते. फटाके मात्र आता दिवाळीपुरते उरलेले नाहीत. लग्नाची वरात, विसर्जनाची मिरवणूक, निवडणुकीचा निकाल, क्रिकेटचा जिंकलेला सामना अशा कोणत्याही निमित्ताने माळ लागते आणि त्या रात्री एखादे मूल डोळ्यावर हात दाबून दवाखान्यात येते. अशा वेळी नातेवाईक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. प्रत्यक्ष तपासणीची जागा ही माहिती घेऊ शकत नाही. तपासणी होईपर्यंत काय करावे आणि विशेषतः काय करू नये, हे कळावे एवढाच तिचा हेतू आहे.

फटाक्यामुळे डोळ्याला नेमकी कशी इजा होते?

उष्णता, मुका मार, आत घुसणारे कण आणि रसायने या चार मार्गांनी इजा होते, आणि बहुतेक रुग्णांत यांपैकी दोन-तीन प्रकार एकत्र आढळतात. उष्णतेचा फटका प्रथम पापण्यांना बसतो, कारण झगमगाट दिसताच डोळा आपोआप मिटतो. म्हणून पापण्या भाजलेल्या, त्यांचे केस करपलेले आणि आतला डोळा मात्र शाबूत, असे चित्र बऱ्याचदा दिसते. मुका मार अधिक फसवा असतो. रॉकेट किंवा फटाक्याचा तुकडा वेगाने आदळला की नेत्रगोल क्षणभर समोरून मागे दाबला जातो आणि आडवा ताणला जातो. त्या ताणाने बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा मुळापासून फाटू शकतो, नेत्रभिंगाला धरून ठेवणारे तंतू तुटू शकतात, रेटिनाला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याला, छिद्र पडू शकते, आणि एवढे होऊनही बाहेरून साधी जखमही दिसत नाही. तिसरा प्रकार खडा, काच, पत्रा अशा वस्तू डोळा भेदून आत जाण्याचा. चौथा रसायनांचा : फटाक्यांच्या दारूत पोटॅशियम नायट्रेट, गंधक, कोळसा, ॲल्युमिनियमची भुकटी, बेरियमचे क्षार असे पदार्थ असतात आणि त्यांचे अर्धवट जळालेले कण कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, रुतून बसतात.

कोणते फटाके डोळ्यांसाठी अधिक धोकादायक असतात?

सुतळी बॉम्ब आणि रॉकेट यांचे नाव साहजिकच आधी येते. सुतळी बॉम्ब फुटताना त्याचे कागदी कवच, सुताचे तुकडे आणि खालच्या जमिनीवरचे खडे असे सगळेच उडते. तो डब्याखाली, करवंटीखाली किंवा बाटलीत ठेवून फोडण्याची हौस ज्यांना आहे, त्यांनी हे लक्षात घ्यावे की त्या डब्याचा पत्रा किंवा बाटलीची काच मग डोळ्याच्या उंचीवर उडते. रॉकेटचा धोका निराळा आहे. ज्या बाटलीत ते उभे केले जाते, ती वात पेटल्यावर कलंडली, तर रॉकेट आकाशाऐवजी समोरच्या घोळक्यात किंवा पहिल्या मजल्याच्या गच्चीत शिरते. म्हणूनच जखमींमध्ये स्वतः फटाके न उडवता नुसते पाहत उभे असलेल्यांची संख्या मोठी असते.

भुईनळ्याबद्दल मात्र पुरेशी सावधगिरी बाळगली जात नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. तो आवाज करत नाही, त्यामुळे घरातील मोठी माणसे तो लहानांच्या हाती निःशंकपणे देतात. वात जळून गेली तरी तो उडाला नाही की मूल वाकून त्याच्या तोंडात पाहते, एखादे फुंकर घालते, आणि नेमके त्याच क्षणी तो उसळतो. चेहरा वीतभर अंतरावर असल्याने तप्त कणांचा सगळा झोत दोन्ही डोळ्यांत जातो. दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी इजा होण्याचे हे ठरलेले कारण आहे. फुसक्या निघालेल्या फटाक्यांतील दारू दुसऱ्या दिवशी सकाळी कागदावर जमवून पेटवणाऱ्या मुलांचेही असेच होते. फुलबाजीला आपण निरुपद्रवी मानतो. तिच्या टोकाचे तापमान मात्र १००० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि मूल ती हातात घेऊन गोल फिरवते तेव्हा शेजारच्या मुलाचा चेहरा नेमका तिच्या उंचीवर असतो.

इजा झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत काय करावे?

प्रथम एकच गोष्ट ठरवावी : डोळ्यात केवळ दारू, राख किंवा रसायन गेले आहे, की डोळा फुटल्याची शंका आहे? पुढची कृती यावर अवलंबून आहे.

भुकटी किंवा राख गेली असेल आणि डोळा फुटल्याची कोणतीही खूण नसेल, तर हात धुऊन नळाच्या किंवा पिण्याच्या स्वच्छ पाण्याची मंद धार डोळ्यात सोडावी. डोके इजा झालेल्या बाजूला कलते ठेवावे, म्हणजे वाहणारे पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. पापण्या बोटांनी हळुवार उघड्या ठेवून निदान पंधरा ते वीस मिनिटे धुवावे. हा काळ प्रत्यक्षात फार मोठा वाटतो आणि बहुतेक जण दोन-तीन वेळा पाण्याचे हबके मारून थांबतात. म्हणून घड्याळ लावूनच धुवावे.

डोळा फुटल्याची शंका असेल, तर त्याला हात लावू नये. चोळू नये, धुऊ नये, थेंब घालू नयेत, मलम लावू नये, कापसाची घडी दाबून पट्टी बांधू नये. कागदी कपाचा तळाकडचा भाग कापून घ्यावा आणि तो डोळ्यावर असा ठेवावा की त्याची कड भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकेल, डोळ्यावर जराही दाब येणार नाही. मग चिकटपट्टीने बसवावा. काडी, काच किंवा तार घुसलेली दिसत असेल, तर ती ओढून काढू नये, कारण पुष्कळदा तीच वस्तू जखमेला बूच लावून बसलेली असते. रुग्णाला डोके उंच ठेवून न्यावे. रुग्णाला खायला-प्यायला देऊ नये. घाबरलेल्या मुलाला पाणी पाजण्याचा किंवा पेढा देण्याचा मोह आवरावा, कारण भूल देण्यासाठी पोट रिकामे लागते आणि त्या पेढ्यापायी शस्त्रक्रिया काही तासांनी पुढे जाऊ शकते.

पापण्यांची त्वचाच भाजली असेल, तर मिटलेल्या डोळ्यावर गार पाण्याने भिजवलेला स्वच्छ कपडा न दाबता ठेवावा. बर्फ थेट लावू नये.

डोळा फुटला आहे, हे घरी कसे ओळखावे?

खात्रीने ओळखणे डॉक्टरांनाही कधी कधी कठीण जाते, त्यामुळे शंका आली तरी ती पुरेशी मानावी. बाहुली गोल न राहता एका बाजूला ओढली जाऊन थेंबाच्या आकाराची दिसणे, पांढऱ्या भागावर किंवा बुबुळाच्या कडेला तपकिरी-काळसर ऊती बाहेर आलेली दिसणे, डोळा दुसऱ्यापेक्षा खोल गेल्यासारखा किंवा मऊ पडल्यासारखा वाटणे, डोळ्यातून घट्टसर पाणी येणे, पांढऱ्या भागावर चौफेर रक्ताचा फुगवटा येणे आणि नजर एकदम जाणे या त्याच्या प्रमुख खुणा आहेत. पापणीच आरपार चिरली असेल, तर आत डोळाही चिरला आहे असे धरूनच चालावे. सुजलेली पापणी बळाने उघडून पाहण्याचा प्रयत्न करू नये; त्या दाबाने आतील भाग जखमेतून बाहेर येऊ शकतो.

कार्बाइड गनमुळे होणारी इजा वेगळी असते का?

होय, आणि तिचा स्वतंत्र विचार करणे आता आवश्यक झाले आहे. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशातील भोपाळ, विदिशा, ग्वाल्हेर या भागांत प्लॅस्टिकच्या पाइपापासून बनवलेल्या या देशी बंदुकांमुळे शंभराहून अधिक जणांच्या, बहुतांशी मुलांच्या, डोळ्यांना इजा झाली. पाइपमध्ये कॅल्शियम कार्बाइडचे खडे आणि पाणी घातले की ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि गॅसच्या लायटरच्या ठिणगीने तो स्फोटासारखा पेटतो. बार उडाला नाही म्हणून मूल पाइपच्या तोंडाशी डोळा नेते आणि तेवढ्यात तो उडतो.

या इजेत स्फोटाची उष्णता असतेच; परंतु कार्बाइड आणि पाणी यांच्या संयोगातून वायूबरोबर कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे भिजवलेला चुना, तयार होतो आणि तोही डोळ्यात उडतो. चुना हा अल्कली आहे. आम्लाने ऊतींतील प्रथिने गोठतात आणि ते काही अंशी तेथेच अडते. अल्कली मात्र ऊती विरघळवत खोल शिरत राहते. चुन्याचे कण वरच्या पापणीच्या आत दडले असतील, तर रुग्णालयात पोहोचेपर्यंत इजा वाढतच जाते. म्हणून येथे धुण्याला पहिले स्थान आहे : आधी जागेवरच अर्धा तास धुवावे आणि मगच वाहन शोधावे. डोळा फुटल्याचीही शंका असेल, तरी या एका प्रसंगात दाब न देता पाण्याची मंद धार सोडावी. रुग्णालयात पोहोचल्यावर ‘कार्बाइड होते’ हे आधी सांगावे. म्हणजे नावनोंदणी आणि दृष्टितक्त्याच्या आधी डोळा सलाईनने पुन्हा धुतला जाईल, पापणी दुहेरी उलटून कण काढले जातील आणि डोळ्याची आम्ल-अल्कली पातळी (पीएच) कागदी पट्टीने तपासली जाईल. ती ७ ते ७.५ च्या दरम्यान येऊन स्थिरावेपर्यंत धुणे थांबवत नाहीत.

गुलाबपाणी, मध, दूध, तूप किंवा घरात असलेले थेंब घालावेत का?

नाही. यांपैकी कोणताही पदार्थ निर्जंतुक नसतो आणि जखम उघडी असेल, तर त्यातील जंतू थेट डोळ्याच्या आत पोहोचतात. भाजलेल्या पापणीवर टूथपेस्ट किंवा हळद लावल्यास डॉक्टरांना आधी ती खरवडून काढावी लागते. मेडिकलच्या दुकानातून विचारून आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड असण्याची शक्यता असते; ओरखडा असलेल्या कॉर्नियावर असे थेंब पडल्यास जंतुसंसर्ग, विशेषतः बुरशीचा संसर्ग, बळावतो. तपासणीसाठी डॉक्टर वापरतात ते भूल देणारे थेंबही घरी मागू नयेत. दोन थेंबांत वेदना थांबते हे खरे. पण ते वारंवार वापरल्यास कॉर्निया भरून येत नाही आणि शेवटी विरघळू लागतो.

दुखणे थांबले आहे आणि दिसतेही आहे. सकाळी दाखवले तर चालेल का?

वेदना आणि इजेचे गांभीर्य यांचा थेट संबंध नसतो. कॉर्नियावरच्या बारीकशा ओरखड्याने मोठा माणूसही कळवळतो, कारण तेथे मज्जातंतूंची टोके दाटीने असतात. रेटिना फाटला तर मात्र काहीच दुखत नाही. दोन्ही डोळे उघडे असताना ‘दिसते आहे’ या म्हणण्यालाही अर्थ नाही, कारण चांगला डोळा दुसऱ्याची उणीव झाकतो. निरोगी डोळा तळव्याने झाकून दुसऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा वाचून पाहाव्यात. अंधूक दिसत असेल, काळे ठिपके किंवा विजेसारख्या रेषा दिसत असतील, एखाद्या बाजूने पडदा आल्यासारखे वाटत असेल, प्रकाश सहन होत नसेल, उलट्या होत असतील किंवा बाहुल्या लहान-मोठ्या दिसत असतील, तर त्याच रात्री निघावे. यांपैकी काहीही नसले तरी तप्त कण किंवा तुकडा डोळ्यावर आदळलेला असल्यास चोवीस तासांच्या आत बाहुली मोठी करून तपासणी झालीच पाहिजे.

रात्री कुठे न्यावे?

शक्य असल्यास थेट अशा ठिकाणी, जिथे नेत्रशल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृह रात्रीही उपलब्ध असते. महाराष्ट्रात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये, उदाहरणार्थ मुंबईचे जे. जे., पुण्याचे ससून, नागपूरचे मेडिकल, छत्रपती संभाजीनगरची घाटी, आणि गोव्यात बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय येथे ही सोय असते. तालुक्याच्या ठिकाणाहून निघताना ग्रामीण रुग्णालयात डोळ्यावर कवच बसवून घ्यावे, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे आणि फटाक्याचा प्रकार, इजेची वेळ व शेवटचे खाणे कधी झाले एवढे चिठ्ठीवर लिहून घ्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका अशा रुग्णांसाठीही बोलावता येते.

डॉक्टर नेमके काय तपासतात?

सर्वांत आधी, प्रत्येक डोळ्याची स्वतंत्र दृष्टी. तक्ता वाचता येत नसेल तर बोटे मोजता येतात का, हाताची हालचाल कळते का, निदान टॉर्चचा प्रकाश कोणत्या बाजूने येतो हे सांगता येते का, हे क्रमाने पाहून नोंदवले जाते. ही नोंद कायद्यासाठी लागते तशीच पुढचे भाकीत करण्यासाठीही लागते. त्यानंतर दोन्ही डोळ्यांत आळीपाळीने प्रकाश टाकून बाहुल्यांची प्रतिक्रिया पाहतात. प्रकाश इजा झालेल्या डोळ्यावर नेल्यावर बाहुली आकसण्याऐवजी मोठी होऊ लागली, तर दृष्टिमज्जेला, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूला, किंवा रेटिनाच्या मोठ्या भागाला धक्का बसल्याचे ते चिन्ह असते. या साध्या तपासणीला यंत्र लागत नाही. पण बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर ती करता येत नाही, म्हणून ती आधी करावी लागते.

मग रुग्णाला स्लिट लॅम्पसमोर बसवतात. या सूक्ष्मदर्शकातून कॉर्नियातील कण, त्यांची खोली, पुढच्या पोकळीत साचलेले रक्त आणि नेत्रभिंगाचे स्थान दिसते. छिद्र आरपार आहे की नाही, अशी शंका असल्यास फ्लुओरेसिन या रंगद्रव्याची नारिंगी पट्टी ओली करून जखमेवर टेकवतात आणि निळ्या प्रकाशात पाहतात. आतले पाणी झिरपत असेल, तर गडद नारिंगी थरातून चकचकीत हिरवी धार हळूहळू खाली उतरताना दिसते. डोळा उघडा फुटलेला दिसत असेल, तर ही चाचणी करत नाहीत आणि डोळ्याचा दाबही मोजत नाहीत. अन्यथा दाब मोजला जातो, पापण्या उलटून पाहिल्या जातात आणि बाहुली मोठी करून रेटिना तपासला जातो. रक्तामुळे आतले काही दिसत नसेल, तर सोनोग्राफी करतात. फुटलेल्या डोळ्यावर मात्र ती आधी टाके घातल्यावरच करणे सुरक्षित.

लहान मूल रडून डोळे उघडू देत नसेल, तर चौघांनी धरून तपासण्याऐवजी भूल देऊन तपासणे अधिक योग्य आहे. जोर लावल्याने डोळ्यातील दाब वाढतो. पालकांना भुलेची भीती वाटते हे समजण्यासारखे आहे. पण येथे धरून ठेवणे अधिक धोक्याचे असते.

सीटी स्कॅन का सांगतात? एमआरआय अधिक चांगला नाही का?

डोळ्यात धातूचा कण असण्याची शंका असताना एमआरआय करत नाहीत, कारण चुंबकीय क्षेत्रात लोखंडी कण हलून आणखी इजा करू शकतो. एक मिलिमीटरच्या आसपासच्या पातळ कापांचा सीटी स्कॅन धातू, काच आणि दगड दाखवतो व डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडले आहे का, हेही त्यात कळते. लाकडी काडी किंवा कागदाचा तुकडा त्यात निसटू शकतो, म्हणून इजा कशाने झाली हे रुग्णाने सांगणे महत्त्वाचे.

कॉर्नियावर ओरखडा किंवा दारूचे कण असतील तर उपचार काय?

भूल देणारे थेंब घालून, स्लिट लॅम्पखाली, वरवरचे कण सुईच्या टोकाने किंवा ओल्या बोळ्याने एकेक करून काढतात. कणांची संख्या मोठी असेल, तर हे दोन-तीन बैठकांत केले जाते. खोल रुतलेला, त्रास न देणारा बारीक कण कधी कधी तसाच ठेवतात, कारण तो उकरण्याने येणारा व्रण कणापेक्षा अधिक नुकसान करतो. नातेवाईकांना हे पटत नाही. पण हा निर्णय आळसाने घेतलेला नसतो. पापण्यांच्या त्वचेतील दारू मात्र लवकर, शक्यतो पहिल्या दिवशीच, घासून काढावी लागते, नाहीतर ती गोंदणासारखी कायमची राहते.

नुसता ओरखडा प्रतिजैविक थेंब किंवा मलमाने साधारणतः एक ते तीन दिवसांत भरून येतो. घट्ट पट्टी बांधल्याने तो लवकर बरा होतो, हा समज आता मागे पडला आहे. रासायनिक इजेत प्रतिजैविकांबरोबर डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरुवातीच्या दिवसांत स्टेरॉइडचे थेंब, ‘क’ जीवनसत्त्व आणि गरजेनुसार डॉक्सिसायक्लिन देतात. लहान मुलांत हे शेवटचे औषध टाळतात. वरचा थर भरून येत नसेल, तर गर्भपटलाचा पातळ पापुद्रा डोळ्यावर शिवतात. कॉर्नियाच्या कडेच्या मूळपेशी नष्ट झाल्या असतील, तर पुढे दुसऱ्या डोळ्यातून थोड्या पेशी घेऊन रोपण करता येते. त्याची आज जगभर वापरली जाणारी एक सोपी पद्धत हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत विकसित झाली. दोन्ही डोळे जळले असतील, तर हा मार्ग बंद होतो.

डोळ्यात रक्त साचले आहे असे सांगितले. म्हणजे काय?

पांढऱ्या भागावर पसरलेला लाल डाग आणि कॉर्नियाच्या मागे, बुबुळासमोर साचलेले रक्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला बहुधा दोन आठवड्यांत आपोआप जातो, मात्र त्याखाली जखम दडलेली नाही याची खात्री करावी लागते. दुसऱ्याला हायफिमा म्हणतात. रुग्ण बसलेला असताना बुबुळासमोर खालच्या भागात रक्ताची आडवी पातळी दिसते. झोपल्यावर ते पसरते आणि नजर आणखी धूसर होते. उपचार म्हणजे डोळ्यावर कवच, डोके ३० ते ४५ अंश उंच ठेवून विश्रांती, बाहुली शिथिल ठेवणारे थेंब, स्टेरॉइडचे थेंब आणि रोज दाब मोजणे. दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान पुन्हा रक्तस्राव होण्याची शक्यता सर्वाधिक असते, आणि तो पहिल्यापेक्षा मोठा असू शकतो. त्यामुळे ‘आता बरे वाटते’ म्हणून भाऊबीजेला गावी निघालेला रुग्ण डॉक्टरांना काळजीत टाकतो. वेदनेसाठी पॅरासिटामॉल घ्यावे. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन टाळावे.

महाराष्ट्रात येथे आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे : घरात कोणाला सिकलसेल आहे का? विदर्भातील गडचिरोली-चंद्रपूर, तसेच नंदुरबार, धुळे, पालघर या पट्ट्यांत हा आजार आणि त्याचे वाहक लक्षणीय प्रमाणात आहेत. नेत्रगोलाच्या आतील कमी प्राणवायूत या रुग्णांच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, पाणी बाहेर पडण्याच्या जाळीत अडकतात आणि दाब वाढवतात. शिवाय इतरांना सहन होईल एवढ्या दाबानेही त्यांच्या दृष्टिमज्जेला इजा होते. एरवी दाब उतरवण्यासाठी दिली जाणारी ॲसिटाझोलामाइडसारखी काही औषधे त्यांना शक्यतो देत नाहीत. केवळ वाहक असलेल्या आणि एरवी ठणठणीत असलेल्या व्यक्तीलाही हा धोका आहे. सिकलसेलचे ओळखपत्र असेल, तर ते सोबत न्यावे. माहिती नसेल, तर रक्ताची चाचणी लगेच करता येते.

डोळा फुटला असेल तर शस्त्रक्रिया कशी आणि कधी करतात?

शक्य तितक्या लवकर, साधारणतः २४ तासांच्या आत. त्यानंतर डोळ्याच्या आत पू होण्याचा धोका वाढत जातो. शिरेतून प्रतिजैविके सुरू करून, पूर्ण भूल देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली जखम शिवली जाते. कॉर्नियासाठी वापरला जाणारा नायलॉनचा धागा केसाहूनही बारीक असतो. पहिल्या शस्त्रक्रियेचा हेतू नजर परत आणणे हा नसून डोळा बंद करून त्याचा आकार टिकवणे हा असतो, हे नातेवाईकांनी आधीच समजून घेतले तर दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावरची निराशा कमी होते. मोतीबिंदू काढणे, आत राहिलेला कण किंवा रक्त काढणे, निखळलेला रेटिना बसवणे ही कामे पुष्कळदा एक ते दोन आठवड्यांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेत केली जातात. आत पू झाल्याची शंका असेल, तर प्रतिजैविके थेट डोळ्यात टोचली जातात आणि तेव्हा थांबत नाहीत.

नजर परत येईल का?

पहिल्या तपासणीच्या वेळची दृष्टी हा सर्वांत विश्वासार्ह निर्देशक आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेली ऑक्युलर ट्रॉमा स्कोअर ही गुणपद्धती तीच दृष्टी आधाराला धरते आणि नेत्रगोल फाटणे, आत जंतुसंसर्ग, आरपार जखम, रेटिना निखळणे व बाहुलीची बिघडलेली प्रतिक्रिया यांचे गुण त्यातून वजा करते. सुरुवातीला बोटे मोजता येत असतील, तर आशेला बरीच जागा असते. प्रकाशही कळत नसेल, तर शक्यता फार कमी असते. तरीही तसा डोळा पहिल्याच दिवशी काढून टाकत नाहीत. तो शिवतात आणि काही दिवस वाट पाहतात, कारण क्वचित थोडी दृष्टी परत येते आणि नाही आली तरी पुढचा निर्णय रुग्णाला समजून-उमजून घेता येतो.

एका डोळ्याच्या इजेने दुसरा डोळा जातो, हे खरे का?

क्वचित, पण खरे. फुटलेल्या डोळ्यातील रंगद्रव्ययुक्त ऊती उघड्या पडल्यामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा निरोगी डोळ्यावरही हल्ला करू शकते. हे बहुतेकदा दोन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंतच्या काळात दिसते, काहींना वर्षांनंतरही. तीन वर्षांच्या लुई ब्रेलच्या एका डोळ्यात आरी घुसली आणि पुढे दोन्ही डोळे गेले, त्यामागे हेच कारण असावे असे मानले जाते. त्या काळी उपचार नव्हते. आज स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधांनी ते बहुधा आटोक्यात येते, मात्र लवकर कळायला हवे. म्हणून चांगल्या डोळ्याला अंधूक दिसणे, प्रकाश सहन न होणे किंवा जवळचे वाचताना त्रास होणे, यांकडे दुर्लक्ष करू नये.

लहान मुलांच्या बाबतीत वेगळे काय?

साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू पाहायला शिकत असतो. या वयात मोतीबिंदू, कॉर्नियावरचा व्रण किंवा नुसती सुजून मिटलेली पापणीही आठवडेच्या आठवडे प्रकाश अडवत राहिली, तर डोळा दुरुस्त होऊनही मेंदू त्याच्याकडून प्रतिमा घेत नाही. तो डोळा आळशी होतो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, असा कार्यक्रम महिनोन्‌महिने चालतो. मूल पट्टी ओढून काढते, शाळेत चिडवतात म्हणून टाळते, आणि नेमक्या याच टप्प्यावर यशस्वी शस्त्रक्रियाही वाया जाते. मुलाच्या बोलण्याविषयी एक सावधगिरी : ओरडा बसेल म्हणून मुले फटाका लागल्याचे लपवतात आणि ‘पडलो’ म्हणून सांगतात. करपलेल्या पापण्यांच्या केसांवरून डॉक्टरांना ते कळते, पण तोवर वेळ गेलेला असतो.

बरे झाल्यावर तपासणी किती काळ करावी?

जोराचा मुका मार लागलेल्या डोळ्याची वर्षातून एकदा तपासणी आयुष्यभर करावी. पाणी बाहेर पडण्याचा कोन आतून फाटलेला असल्यास काचबिंदू महिन्यांनी, कधी दहा-वीस वर्षांनीही उद्भवतो. तो दुखत नाही आणि कडेची नजर हळूहळू खातो. म्हणून रक्त विरल्यावर, साधारण महिन्याभराने, विशेष भिंगातून हा कोन पाहून घ्यावा. रेटिना निखळणे आणि मोतीबिंदूही उशिरा येऊ शकतात. चाळिशीत काचबिंदू निघाला की लहानपणीच्या भुईनळ्याची आठवण कोणी सांगत नाही; डॉक्टरांनी विचारले तर जरूर सांगावी.

हरित फटाके डोळ्यांसाठी सुरक्षित आहेत का?

नाही, आणि तसा त्यांचा दावाही नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कमी प्रदूषणाच्या फटाक्यांनाच परवानगी दिल्यानंतर नागपूरच्या नीरी संस्थेच्या पुढाकाराने ही सूत्रे तयार झाली. त्यांचा उद्देश धूर आणि सूक्ष्म कण कमी करणे हा आहे. ठिणगी तेवढीच तप्त आणि तुकडा तेवढाच वेगवान राहतो.

चष्मा असल्यास डोळे सुरक्षित राहतात का?

नेहमीच्या काचेचा चष्मा फुटून उलट इजा करू शकतो आणि कडेने येणारे कण तो अडवत नाही. पॉलिकार्बोनेटचा, बाजू झाकणारा संरक्षक चष्मा हार्डवेअरच्या दुकानात एखाद्या फटाक्याच्या खोक्यापेक्षा कमी किमतीत मिळतो. तो पेटवणाऱ्याने घालावाच, पण पाहणाऱ्या मुलांनीही घालावा. फटाके उडवताना कॉन्टॅक्ट लेन्स वापरू नये. इजा झाल्यावर ती काढण्याचा प्रयत्न मात्र डोळा फुटल्याची शंका नसेल तरच, आणि धुताना ती सहज सुटत असेल तरच करावा.

पोलीस केस होईल का? खर्चाचे काय?

स्फोटामुळे किंवा भाजून झालेल्या इजेची वैद्यकीय-कायदेशीर नोंद रुग्णालय करते. ती रुग्णावरची तक्रार नव्हे आणि तिच्यासाठी उपचार थांबवले जात नाहीत. उलट विमा किंवा नुकसानभरपाईच्या वेळी हीच नोंद उपयोगी पडते, त्यामुळे इजा कशी झाली हे खरे सांगावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या अंगीकृत रुग्णालयांत यांपैकी कोणत्या शस्त्रक्रिया योजनेत बसतात, हे तेथील आरोग्यमित्राला विचारावे आणि त्यासाठी शिधापत्रिका व आधार कार्ड मागाहून कोणाकरवी मागवून घ्यावे. कागद शोधण्यासाठी रुग्णाला घरी थांबवू नये.